पट्ट्याचं दुसरं टोक

तलाठी भाऊसाहेब येणार म्हणून सकाळपासून चंद्राबाईनं आपल्या नवऱ्याला तीनदा उठवून बसवलं आणि तीनदा परत आडवं केलं. म्हणजे उठवण्या-निजवण्याचं काम दिशाचं. चंद्राबाई पडवीच्या पायरीवर गुडघे चोळत बसून नुसते हुकूम सोडत होती.

"निजव गो त्येला. सरकारी मानूस हाय. निजलेला बघितला म्हंजे जास्त इचारनार नाय."

दिशानं सासऱ्याला निजवलं.

"थांब! पांडू पन येनार हाय ना! त्येनं निजलेला बघितला तर गावभर बोंबलंल, बघा, उठाय पन येत नाय. बसव. ताठ बसव."

दिशानं सासऱ्याच्या काखेत हात घातला, गुडघा त्याच्या गुडघ्याला लावला आणि व्यायामवाल्या दीपकनं शिकवलं होतं तसं 'एक, दोन' म्हणत त्याला बसता केला. चांगूची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली होती. कपाळापासून अंगठ्यापर्यंत मधोमध रेघ मारावी, तशी. बोलायचा, पण शब्द तोंडात मुरवून मुरवून बाहेर काढायचा.

"आये," दिशा घाम पुसत म्हणाली, "आबांना आता एकच कायतरी करा. उभं नायतर आडवं."

"ठ... ठरव," चांगू बायकोकडे बघून म्हणाला. "म... माजं आंग हाय. बा... बाजारातला भोपला नाय."

चंद्राबाई ठरवणार कशी? सगळी गोची तिथंच होती. गावकीपुढे चांगू स्वतःच्या पायावर उभा राहिलेला हवा होता आणि सरकारपुढे तो उभा न राहणारा हवा होता. आणि माणूस एकच.

ही गोची सुरू झाली शिमग्यात. वाडीतल्या देवीची पालखी पहिली चांगूच्या अंगणात यायची आणि पहिला खांदा घरातल्या कर्त्या पुरुषाचा, हा मान चांगूच्या आज्यापासूनचा. अट एकच, कर्त्या पुरुषानं आपल्या पायावर उभं राहून खांदा लावायचा. नाहीतर मान शेजारच्या घरात, म्हणजे चांगूच्या पुतण्याकडे, पांडूकडे. गेल्या साली घरात सुतक होतं म्हणून प्रश्न आला नाही. यंदा पांडूनं महिनाभर आधीच अंगण सारवून ठेवलं होतं. ते सारवलेलं अंगण चंद्राबाईच्या डोळ्यात कुसळासारखं सलत होतं.

तोड काढली मुख्तारनं. हा नाते गावचा, महाड-पोलादपूर मालाचा टेम्पो चालवणारा, चांगूचा तीस वर्षांचा दोस्त. टेम्पोत माल आवळायचा पट्टा असतो, रुंद, केशरी रंगाचा. तो चांगूच्या कमरेभोवती घ्यायचा, वरून शाल पांघरायची, पट्ट्याची दोन्ही टोकं त्याच्या पाठीमागच्या खिडकीच्या गजांतून घरात घ्यायची आणि आतून कुणीतरी ताणून धरायची. उजवा गुडघा मोडू नये म्हणून मुख्तार स्वतः आंब्याच्या टाळांच्या, म्हणजे डहाळ्यांच्या, आरासीमागे उकिडवा बसून तो गुडघा दाबून धरणार. आतून ताणायला दिशा. का? तर बाकीच्यांना पालखी बघायची होती.

खालू बाजा वाजला, गुलाल उडाला, चांगू उभा राहिला. दिशानं पट्टा मनगटाला गुंडाळून, भिंतीला पाय लावून, दात आवळून ताणला. तिला दिसली फक्त शाल. पालखी तिनं ऐकली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण तिचा नवरा दीपेश शिमग्याला मुंबईहून आला होता. त्यानं मोबाईलवर शूटिंग केलं आणि गावच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'देवीची कृपा! आबा स्वतःच्या पायावर! चमत्कार!' पुढे नमस्काराचे आठ हात.

पांडू गावकीत गेला. म्हणाला, म्हातारा बांधला होता. गावकी बसली. चंद्राबाईनं नारळावर हात ठेवून सांगितलं, "माझ्या मानसाला कुनी बांधला नाय, कुनी धरला नाय." गावकीनं तसं वहीत लिहिलं, खाली सह्या-अंगठे घेतले. पांडूनं त्या पानाची झेरॉक्स काढली आणि पोलादपूरला कचेरीत नेऊन दिली. म्हातारा आपल्या पायावर उभा राहतो, असं त्याची बायकोच म्हणते, तर मग सरकार त्याला अपंगाचा पगार कशाला देतंय?

वाडीत अनुदानाला पगारच म्हणत. तो मिळवायला दिशाला वर्ष लागलं होतं. सासरा कचेरीत येऊ शकत नाही, हे सांगायला ती सासऱ्याला कचेरीत घेऊन गेली होती, मुख्तारच्या टेम्पोत कांद्याच्या गोणींवर निजवून. कचेरी वरच्या मजल्यावर. तिथं कळलं, माणूस खरंच चालू शकत नसेल तर खाली अर्ज ठेवायची सोय आहे. पण हे लिहिलेला कागद वरच्या मजल्यावर लावला होता.

तो पगार सुरू झाला आणि पोलादपूरहून दर मंगळवार-शुक्रवार दीपक यायला लागला. व्यायाम करून घेणारा हसरा पोरगा. सहा महिन्यांत चांगूच्या उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागली. परवा त्यानं त्या हातानं चहाची कपबशी धरली. निम्मा चहा सदऱ्यावर, पण धरली. दीपक म्हणाला होता, "वयनी, खंड पडू देऊ नका. आता थांबलो तर हात परत निजेल."

दिशाच्या डोक्यात सकाळपासून तेवढंच होतं. मान नाही, नारळ नाही. ती दोन बोटं.

टेम्पोचा हॉर्न वाजला. मुख्तार आला आणि त्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीनं महाडला उतरलेला दीपेश.

"सलाम काकी," मुख्तार लांबूनच म्हणाला. "दोस्त, कसा हायस?"

"उ... उबा हाय," चांगू बसल्या बसल्या म्हणाला. मुख्तार इतका हसला की त्याला ठसका लागला.

दीपेशनं बॅग ठेवली आणि बायकोकडे न बघता विचारलं, "टेन्शन हाय काय जास्त?"

"नाय. चमत्कार हाय," दिशा म्हणाली. "तूच लिवलास ना?"

"अगो, भावनेच्या भरात झालं ते. ऑफिसातल्या लोकांनी पन शेअर केलं."

"मंग ऑफिसातल्या लोकांना बोलव आबांना संडासला न्यायला."

"हळू बोल, आये ऐकंल."

"ऐकू दे. आज सगळं सगळ्यांनी ऐकायचंच हाय."

पांडू आला तो इस्त्रीचा सदरा घालून, काखेत गावकीची वही. अंगणाच्या कडेला, आपल्या हद्दीत एक पाय आणि इकडे एक पाय ठेवून उभा राहिला. त्याच्या मागोमाग जुनी मोटारसायकल ढकलत भाऊसाहेब आले. चढावर बंद पडली होती. बुद्धरत्न भाऊसाहेब वयानं लहान, चेहऱ्यानं थकलेले. वाडीत येईपर्यंत त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. चंद्राबाईनं कोकमाचं सरबत दिलं. पांडूनं लगेच आपल्या घरातून ताक मागवलं. भाऊसाहेब दोन्ही प्यायले, नाहीतर तिथंच एक वेगळी चौकशी लागली असती.

"हे बघा," ते वही उघडून म्हणाले, "मला कुणाचा पगार बंद करायची हौस नाही. पण वरून चौकशी आली आहे. एक व्हिडिओ आहे, त्यात लाभार्थी उभे आहेत. एक जबाब आहे, त्यात पत्नी सांगतात की कुणी धरलं नव्हतं. आता मी काय लिहू?"

"खरं ते लिवा," पांडू म्हणाला.

"काय खरं?"

"बांधला व्हता."

"म्हणजे तुमचं म्हणणं, ते उभे राहू शकत नाहीत?"

"कसा रायल उभा? अर्धा मानूस लाकूड झालाय! मी बघतोय ना रोज."

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. "अहो, मग तक्रार कशाची केलीत तुम्ही?"

पांडूनं वही ह्या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाला, "माझी तक्रार एवढीच, की एक कायतरी करा. उभा रायला तर पगार सोडा. नाय रायला तर मान सोडा. दोनी कसं खातील?"

ज्या पांडूला चंद्राबाई महिनाभर शिव्या घालत होती, तोच तिच्या नवऱ्याच्या पगाराचा सगळ्यात पक्का साक्षीदार निघाला होता. आणि त्याला खोटं पाडणारा कागद तिच्याच अंगठ्याचा.

"काकी," मुख्तार हलकेच म्हणाला, "बोला. मी बी सांगतो. गुडघा माझ्या हातात व्हता."

"तू गप रे!" चंद्राबाई कडाडली. "नारळावर हात ठेवलाय मी. आता फिरवू? देवी काय म्हनंल?"

"आये बरोबर बोलतेय," दीपेश घाईनं म्हणाला. "आज्यापासूनचा मान. पगाराचं काय, मी बघतो ना काहीतरी. ओव्हरटाईम घेतो..."

"दीपकला ओव्हरटाईमनं बोलावशील?" दिशानं विचारलं. "आनि तू इथं कधी येशील? पुढच्या शिमग्याला, शूटिंग कराय?"

"सूनबाईनं मधी बोलू नये," चंद्राबाई म्हणाली.

"मी मधी नाय बोलत, आये. मी टोकाला व्हते." दिशा उठली. "भाऊसाहेब, लिवा. पट्टा मी धरला व्हता. ह्या खिडकीतनं. हे बघा." तिनं बांगड्या वर सारल्या. मनगटावर पट्ट्याचा वळ अजून पिवळट दिसत होता. मग तिनं नवऱ्याच्या हातातला मोबाईल घेतला, शिमग्याचं शूटिंग लावलं, मधेच थांबवलं आणि बोट ठेवलं. "आनि हे काय हाय बघा."

आंब्याच्या टाळातून एक हात बाहेर आला होता. त्यानं चांगूचा गुडघा धरला होता. मनगटावर हिरव्या तबकडीचं घड्याळ.

सगळ्यांनी मुख्तारच्या मनगटाकडे बघितलं.

"आमच्या पोरानं, इम्राननं पाठवलंय, कतारहून," मुख्तार ओशाळून म्हणाला.

अडीचशे लोकांनी तो व्हिडिओ बघितला होता आणि नमस्कार केला होता. चांगूला तीन हात आहेत, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी घाम पुसला. "हात दिसतोय. पट्टा दिसत नाही. वर विचारतील, असं उभं करता येतं कशावरून? एकदा करून दाखवा. मी आतून एक आणि बाहेरून एक फोटो घेतो. प्रकरण मिटेल."

"पालखी कुठनं आनायची?" पांडूनं विचारलं. बघता बघता तो कामाला लागला होता.

"वजन काहीतरी हवं. नाहीतर म्हणतील, रिकाम्या खांद्यानं कुणीही उभं राहील."

सगळ्यांची नजर एकदमच कोपऱ्याकडे गेली. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची तिथं होती. वाडीत दहा पावलं सपाट जमीन नसल्यामुळे ती आजवर चाललीच नव्हती. सध्या तिच्यात चंद्राबाईची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"तिला हात लावायचा नाय!" चंद्राबाई ओरडली. "पंधरा दिस झालेत बसून!"

पण मुख्तारनं कोंबडीला अलगद उचलून टोपल्याखाली झाकलं, अंडी गोधडीत गुंडाळून खुर्चीतच ठेवली, आणि खुर्चीच्या दोन्ही हातांखालून एकेक बांबू घातला. पालखी तयार झाली. पुढे चांगू, मागे दीपेश, आणि चांगूच्या बाजूला, वजन तोलायला म्हणून, पांडू. मुख्तार गुडघ्याशी.

दिशा आत गेली. तीच खोली, तीच खिडकी, तीच शाल. पट्टा मनगटाला गुंडाळताना तिला बाहेरून सासऱ्याचा आवाज आला.

"दि... दिशा."

"व्हय आबा."

"घ... घट धर गो."

शिमग्यात तो असं काही म्हणाला नव्हता. शिमग्यात तो कुणाशी काही बोललाच नव्हता.

"एक, दोन!" मुख्तार म्हणाला. दिशानं भिंतीला पाय लावला आणि ताणलं. शाल वर गेली. चांगू उभा राहिला. भाऊसाहेब आत येऊन तिचा फोटो घेऊन गेले, मग अंगणात जाऊन मागे सरकत म्हणाले, "जरा इकडे बघा... शाल बाजूला करा, पट्टा दिसू दे..."

नेमकं तेव्हाच टोपलं उलटलं.

कोंबडी जमिनीवरून धावली नाही, उडाली. सरळ आपल्या अंड्यांकडे, वाटेत पांडूचं डोकं लागलं त्यावर टेकून. पांडूनं "आये!" करून बांबू सोडला. अख्खी खुर्ची, अंडी, कोंबडी सगळं चांगूच्या खांद्यावर आलं. दिशाला नुसता हिसका बसला. मग तिच्या डोळ्यांदेखत पंजोबाच्या काळची खिडकी भिंतीतून, दात उपटावा तशी, चौकटीसकट, गजांसकट बाहेर निघाली. मातीचा लोट उठला.

"आबा!"

धुरळा बसला तेव्हा भिंतीला दाराएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून सगळं अंगण दिसत होतं. खिडकी पडवीत आडवी. खुर्ची उलटी. अंडी, देवीची खरीच कृपा असावी, गोधडीत शाबूत. आणि पांडू अंगणात उताणा. त्याच्या छातीवर चांगू. पांडूनं त्याला दोन्ही हातांनी गच्च कवटाळून धरला होता, डोकं जमिनीला लागू नये म्हणून.

कुणी हसलं नाही. पांडू उठायला बघत होता आणि उठता येत नव्हतं. चांगूचा उजवा हात त्याच्या गळ्याशी लोंबत होता, तो त्यानं उचलून बाजूला ठेवला. हात परत घसरला. त्यानं परत ठेवला. परत घसरला.

"काका," पांडू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हात तरी आवर."

"आ... आवरत नाय रे."

पांडू तसाच पडून राहिला. रोज हद्दीवरून बघत होता तो. पण गेल्या दोन वर्षांत काकाला हात लावायची वेळ आली नव्हती. "वयनी," तो शेवटी म्हणाला, "ह्ये तू एकटी उचलतेस? रोज?"

"दिसातनं सात-आठ येळा," दिशा भोकातूनच बाहेर येत म्हणाली. "काखेत हात घाला. तसा नाय. गुडघा लावा. आता... एक, दोन."

दोघांनी मिळून चांगूला उचलून बाजेवर ठेवलं. कुठं लागलं नव्हतं. चंद्राबाई त्याच्या अंगावरची माती झटकत राहिली, जिथं माती नव्हती तिथलीसुद्धा.

भाऊसाहेबांनी धुळीनं भरलेला कागद झटकला. "मी लिहून घेतो. पण एका प्रश्नाचं उत्तर लाभार्थीनं स्वतः द्यायचं असतं." त्यांनी आवाज खाली आणला. "आजोबा, कुणी न धरता तुम्हाला उभं राहता येतं का?"

दिशाला वाटलं, हे विचारू नये. बाकी सगळं लिहावं, पण हे त्याला बोलायला लावू नये. गेला महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत होता, उबा रायलो. दीपकला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. तीसुद्धा मान डोलवत होती.

चांगूनं खिडकीकडे बघितलं. मग पांडूकडे.

"ना... नाय," तो म्हणाला.

पेन कागदावर चाललं.

"मा... मान तुजा, पांडू. लिव वहीत."

ज्यासाठी पांडू महिनाभर झगडला, ते पदरात पडल्यावर त्याचं तोंड कुणीतरी मारल्यासारखं झालं. चंद्राबाई बोलेल म्हणून सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनं पदर तोंडाला लावला होता. "देवीला मी बघून घेईन," ती पदरातून म्हणाली. "दुसरा नारळ देईन. त्येच्यावर हात ठेवायचा नाय, नुसता देईन."

"पालखी आता माझ्या अंगनात पहिली येनार," पांडू जमिनीकडे बघत म्हणाला. "तर काका, तुला तिथं यावं लागंल. मी उचलून नेईन. ह्या खुर्चीतनं नाय, हिच्यात कोंबडी हाय."

"प... पाठीला झेपंल का तुज्या?"

"आज झेपला ना."

भाऊसाहेब वाचून दाखवू लागले. सदर लाभार्थी यांस पट्टा, दोन इसम व एक खिडकी यांच्या साहाय्याने उभे करण्यात आले. अनुदान पुढे चालू ठेवणेस हरकत नाही. "अंगठा इथं. आणि इथं काळजी घेणाऱ्याचं नाव. जुन्या अर्जात दीपेश लिहिलंय."

"मीच भरला व्हता अर्ज," दिशा म्हणाली. "घरातला बाप्या मानूस मागितला व्हता कचेरीत."

दीपेशनं मोबाईल खिशात घातला.

"खो... खोडा," चांगू म्हणाला. मग डाव्या हातानं त्यानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला, शाईच्या डबीपर्यंत सरकवला, आणि ती दोन बोटं, दीपकची दोन बोटं, हळूहळू शाईत बुडवली. अंगठ्याऐवजी दोन बोटांचे ठसे कागदावर उमटले, एक नीट, एक फराटा.

"अंगठा हवा होता," भाऊसाहेब म्हणाले. मग कागदाकडे बघत राहिले. "असू दे. अंगठा शेजारी घेऊ."

"प... पट्ट्याच्या पल्याड माजी सून व्हती. लि... लिवा. दिशा."

भाऊसाहेबांनी ते तसंच्या तसं लिहिलं. कुठल्या रकान्यात बसत नव्हतं, म्हणून समासात लिहिलं.

दुपारी सगळे पांगल्यावर दिशा भाकऱ्या थापायला आत आली. चुलीसमोर बसलं की आता समोर थेट अंगण दिसत होतं, पार आंब्यापर्यंत, जिथं पालखी टेकवतात तिथपर्यंत. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण ह्या जागेवरून तिनं ते कधी बघितलं नव्हतं. तिकडे पांडू आणि मुख्तार खिडकीची चौकट उलटीपालटी करून बघत होते.

"उद्या माती कालवून बसवून टाकतो, वयनी," पांडू बाहेरून म्हणाला.

"राहू द्या वो भावजी."

"किती दिस?"

"शिमग्यापतोर."

"अगो बये!" चंद्राबाई कोंबडीला खुर्चीत बसवता बसवता ओरडली. "मधी चार महिने पाऊस हाय! भोकाला काय तुझा पदर लावू?"

दिशानं भाकरी तव्यावर टाकली आणि हसत हात झटकले. "पट्टा हाय की," ती म्हणाली. "त्येच्यावर ताडपत्री बांधू. एक टोक तुमी धरा."